मांजरी म्हटल्यावर मांजर का आठवत नाही?

हडपसरच्या गाडीतळावर कंडक्टर ‘मांजरी, मांजरी’ असा पुकारा करतो, तेव्हा कुणी पायाखाली मांजर शोधत नाही. तेच घरात कुणी म्हणालं, ‘मांजरी आलीय, दूध झाका’, तर कुणी बसकडे धावत नाही. शब्द एकच, मग अर्थ बदलतो कुठे?

हा प्रश्न पोरकट वाटेल, पण साधारण दीड हजार वर्षांपूर्वी भर्तृहरीने तो फार गंभीरपणे घेतला. ‘वाक्यपदीय’ या ग्रंथात त्याने अर्थ ठरवणाऱ्या गोष्टींची यादीच दिली आहे. शेजारचा शब्द, प्रसंग, हेतू, स्थळ, काळ, आवाजाचा चढउतार. वैयाकरणांचं आवडतं उदाहरण ‘सैंधव’ या शब्दाचं. त्याचा अर्थ मीठही होतो आणि सिंधचा घोडाही. मालकाने जेवताना सैंधव मागितलं तर मीठ आणायचं, प्रवासाला निघताना मागितलं तर घोडा. उलट केलं तर नोकरी गेलीच.

भर्तृहरी इथे थांबला नाही. त्याच्या मते मुळात असतं ते वाक्य; सुटे शब्द आपण समजुतीसाठी त्यातून काढतो. परंपरेत मोराच्या अंड्याचा दाखला देतात. आतल्या रसात पिसाऱ्याचे सगळे रंग असतात, पण वेगळे दिसत नाहीत. बोलण्याआधी मनात असलेलं वाक्य तसं असतं. कविता लिहिणाऱ्याला हे पटवून द्यावं लागत नाही.

या अवघड ग्रंथावर पुण्यात फार काम झालं. १९६५ साली काशीनाथशास्त्री अभ्यंकर आणि आचार्य वि. प्र. लिमये यांची ‘वाक्यपदीया’ची आवृत्ती पुणे विद्यापीठाने काढली. काशीनाथशास्त्र्यांचे वडील वासुदेवशास्त्री यांनी तर पतंजलीचं अख्खं महाभाष्य मराठीत आणलं. नदीच्या काठाकाठाने गेलं तर आमच्या मांजरीहून येरवड्याचं डेक्कन कॉलेज लांब नाही. तिथे १९४८ पासून संस्कृतच्या महाकोशाचं काम चालू आहे. दीडेक हजार ग्रंथांतून टिपलेल्या शब्दांच्या चिठ्ठ्यांची संख्या कोटीच्या घरात आहे, आणि खंडामागून खंड निघूनही कोश अजून ‘अ’ सोडून पुढे सरकलेला नाही. इतका धीर माझ्याकडे नाही, हे कबूल करतो.

महाभाष्यात पतंजली एक मजेदार गोष्ट सांगतो. घडा हवा असेल तर माणूस कुंभाराकडे जातो आणि घडा करून मागतो. पण वैयाकरणाच्या दारात जाऊन ‘मला चार शब्द करून द्या, वापरायचे आहेत’ असं कुणी म्हणत नाही. शब्द लोकांचे, वैयाकरण ते फक्त नीट पाहतो.

पुण्यातल्याच एका मोठ्या कवीला हे पुढे मान्य राहिलं नाही. माधव जूलियन, म्हणजे माधवराव पटवर्धन, फारसीचे प्राध्यापक. १९२५ साली त्यांनी फारसी-मराठी कोश केला. मराठीत फारसी किती मुरलेली आहे, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? तरीही नंतर ते भाषाशुद्धीकडे वळले आणि १९३८ साली त्यांचं ‘भाषाशुद्धि-विवेक’ आलं. त्यांच्या कवितेवर माझा जीव आहे, म्हणूनच हा निर्णय मला अजून खुपतो. आमच्या गावाचंच बघा. नदीच्या अलीकडे मांजरी बुद्रुक, पलीकडे मांजरी खुर्द. बुद्रुक म्हणजे ‘बुजुर्ग’, थोरला. खुर्द म्हणजे धाकटा. दोन्ही फारसी. सातबाऱ्यावरून ते काढायचे म्हटले तर कुणाची जमीन कुठल्या काठावर, हेच कळणार नाही.

डेक्कन कॉलेजचे भाषाशास्त्रज्ञ अशोक रा. केळकर (१९२९–२०१४) यांनी याच्या नेमकं उलट पाहिलं. १९६८ साली हिंदी-उर्दूच्या अभ्यासात त्यांनी दोन्हींना मिळून ‘हिर्दू’ असं नाव सुचवलं. व्याकरणाच्या अंगाने भाषा एकच, असं त्यांना दिसत होतं. बाजारात ते नाव चाललं नाही. मराठीत त्यांनी भाषेवर लिहिलेल्या पुस्तकांची नावं ‘वैखरी’ आणि ‘मध्यमा’. ही भर्तृहरीचीच परिभाषा: तोंडून बाहेर पडलेली वाणी ती वैखरी, मनात जुळत असलेली ती मध्यमा, आणि त्याही आतली, अजून न फुटलेली, ती पश्यंती. अमेरिकेत कॉर्नेलला पीएच.डी. करून आलेला माणूस मराठी वाचकापुढे ही नावं ठेवतो, याचं मला अप्रूप आहे.

कविसंमेलनानंतर मला हमखास एक प्रश्न येतो. मागे एका गावी चहाच्या वेळी एका सज्जन गृहस्थांनी तो विचारला, ‘तुमचं मराठी इतकं चांगलं कसं हो?’ हेतू वाईट नव्हता. पण तीस वर्षं एका भाषेत लिहिल्यावरही आपण तिच्या घरी पाहुणेच, असं वाटून जीव कानकोंडा होतो. आमच्या घरात दखनी बोलतात. तिच्यात ‘मैंच’, ‘ऐसाइच’ मधला ‘च’ मराठीचा आहे. ‘नको’ आमच्याकडे ‘नक्को’ होऊन राहिला आहे. तेव्हा कुठली भाषा कुठे संपते, हे मला सांगता येत नाही.

हे सगळं त्यांना कसं सांगावं, या विचारात मी एवढंच म्हणालो, ‘अहो, आमच्या घरात नक्को म्हणतात.’

त्यांनी माझ्यापुढचा चहाचा कप उचलून नेला.