तीन रोगांचे एक नाव

डुकरीण व्याली, पिले धडधाकट निपजली, आणि दुसऱ्याच दिवशी आईचे दूध आटले, हा वराहपालकांचा जुना अनुभव. आईला ताप असतो, कास गरम आणि टणक होते (गाईच्या अशा कासेला आपल्याकडे ‘दगडी’ म्हणतात), आणि सड पोटाखाली दडवून ती पालथी पडून राहते. दोन-तीन दिवसांत आई बहुधा सावरते. पिलांना तेवढा अवधी नसतो. नवजात पिलाच्या अंगात चरबी जवळजवळ नसतेच. शिवाय डुकराच्या वारेतून आईची प्रतिद्रव्ये गर्भात उतरत नाहीत, ती पहिल्या दिवसाच्या चिकातूनच मिळवावी लागतात. म्हणजे दुखणे आईचे, मरण पिलांचे.

अमेरिकेत या विकाराला ‘मॅस्टायटिस-मेट्रायटिस-अ‍ॅगॅलॅक्शिया’ असे लांबलचक नाव पडले. कासदाह, गर्भाशयदाह आणि दूध न येणे असा त्याचा अर्थ. ‘एम.एम.ए.’ हे लघुरूप पाठ्यपुस्तकांत रुजले आणि गर्भाशयावरही उपचार होऊ लागले. वस्तुतः व्याल्यावर काही दिवस थोडा स्राव जाणे हे डुकरिणीत स्वाभाविकच आहे. आजारी डुकरिणींची शवविच्छेदने झाली तेव्हा दाह कासेत वारंवार आढळला, गर्भाशयात मात्र क्वचित. नावानेच वैद्यांची नजर भलतीकडे वळवली, असे म्हणायला हरकत नाही.

स्वीडनच्या निल्स रिंगार्प यांनी १९६० साली आपल्या प्रबंधाच्या शीर्षकात नुसते ‘व्याल्यानंतरचा, दूध न येण्याचा लक्षणसमूह’ असे म्हटले. पण याचे कारण काय? रोगट कासेत प्रामुख्याने सापडतात ते ई. कोलाय आणि क्लेबसिएला हे जीवाणू. अशा जीवाणूंच्या आवरणात अंतर्विष असते. त्याची कल्पना रिचर्ड फायफर यांनी कॉलऱ्याच्या जंतूंवर काम करताना १८९२ मध्येच मांडली होती. तिचा दुधाशी असलेला संबंध उलगडायला मात्र नव्वद वर्षे लागली. १९८४ मध्ये स्मिथ आणि वॅग्नर यांनी ई. कोलायचे अंतर्विष डुकरिणींना दिले, तेव्हा त्यांच्या रक्तातील प्रोलॅक्टिन, म्हणजे दूध तयार करवणारे संप्रेरक, घटले. जंतू एक-दोन सडांत शिरले तरी निरोगी सडही का आटतात, हे यावरून समजू शकते. ऑक्सिटोसिन टोचले की पान्हा फुटतो खरा. पण दूध तयारच झाले नसेल तर फुटणार काय?

राहिला प्रश्न जंतू येतात कोठून याचा. स्वित्झर्लंडमध्ये बेर्टशिंगर आणि सहकाऱ्यांनी व्यायच्या सुमारास डुकरिणींची कास विष्ठेने माखणार नाही अशी व्यवस्था करून पाहिली. १९९० मध्ये त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केला: कासदाहाचे प्रमाण घटले होते.