रोग दिला कुणी?

आमची दादी प्लेगच्या गोष्टी सांगायची. घरात उंदीर मरून पडला की पारनेरची माणसं गाव सोडून रानात झोपड्या घालून राहायची. शेवटी ती म्हणे, "रोग येतो तो येतो. पण माणसानं तो माणसाला देऊ नये." मला प्रश्न पडे, रोग मुद्दाम देता येतो का?

मित्रहो, येतो. २६ नोव्हेंबर १९३३. पाकूरच्या जमीनदार घराण्यातला तरुण अमरेंद्र पांडे हावडा स्टेशनवर गाडीकडे निघाला होता. गर्दीत खादी पांघरलेला एक माणूस त्याला घासून गेला आणि दंडात काहीतरी टोचलं. ४ डिसेंबरला अमरेंद्र वारला. त्याचं रक्त डॉक्टरांनी तपासायला घेतलं होतं. त्यात प्लेगचे जंतू निघाले.

तपासाचा धागा मुंबईपर्यंत आला. इस्टेटीच्या लोभानं सावत्र भाऊ बिनयेंद्र हा डॉ. तारानाथ भट्टाचार्य यांच्यासह जंतू मिळवायला मुंबईत आला होता. हाफकिन संस्थेत त्यांची डाळ शिजली नाही. आर्थर रोडच्या साथरोग रुग्णालयात, म्हणजे आजच्या कस्तुरबात, मात्र शिरकाव झाला. कोर्टानं दोघांना फाशी सुनावली. १९३६ मध्ये कलकत्ता हायकोर्टानं तिची जन्मठेप केली. टोचणारा कधीच सापडला नाही.

नवल असं, की प्लेगचा जंतू सापडला १८९४ मध्ये. पण १८६० च्या दंडसंहितेनं 'दुखापती'च्या व्याख्येत रोग आधीच घातला होता. म्हणजे एखाद्याला मुद्दाम आजारी पाडणं हीही दुखापतच, आणि जीव घ्यायच्या हेतूनं तसं केलं नि जीव गेला तर खून. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही ती व्याख्या टिकून आहे. अशा माणसाला फिर्याद देता येते. २००९ च्या कायदादुरुस्तीमुळे सरकारी योजनेतून भरपाईही मागता येते.

पण या हक्काला पुराव्याचा आधार लागतो. तो नसला की काय होतं, हे आम्ही आमच्याच जिल्ह्यात पाहिलं. २०२० च्या करोनात तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात परदेशी तबलिगींवर रोग पसरवल्याचे गुन्हे दाखल झाले. २१ ऑगस्ट २०२० रोजी औरंगाबाद खंडपीठानं २९ परदेशी नागरिकांवरचे हे गुन्हे रद्द केले. साथीच्या दिवसांत बळीचा बकरा शोधला जातो, असं न्यायालयानं बजावलं. तोवर कित्येकांच्या दारात आळ येऊन बसला होता. माझ्या ओळखीचा एक भाजीवाला त्या दिवसांत गिऱ्हाइकाला आधी आपलं नाव सांगायला कचरे.

अमरेंद्रला न्याय मिळाला तो जपून ठेवलेल्या रक्तामुळे, गावच्या कुजबुजीमुळे नव्हे. म्हणून रोग कुणी जाणूनबुजून दिल्याचा संशय आला, तर तपासणीचे कागद जपा, डॉक्टरांकडून नोंद करून घ्या, पोलिसांत जा. चव्हाट्यावर मात्र कुणाचं नाव घेऊ नका.

दादीचं वाक्य मला आता थोडं पुढं न्यावंसं वाटतं : माणसानं माणसाला रोग देऊ नये, आणि पुराव्याशिवाय रोगाचा आळही देऊ नये.