फेको शस्त्रक्रियेतील ध्वनिलहरी आणि पारपटल

मोतीबिंदू 'लेझरने' काढला, असे अनेक रुग्ण सांगतात. प्रत्यक्षात त्यांपैकी बहुतेकांच्या डोळ्यात लेझर नव्हे, तर श्राव्यातीत ध्वनिलहरी वापरलेल्या असतात. दंतवैद्याकडील दात स्वच्छ करण्याच्या उपकरणावरून न्यूयॉर्कचे डॉ. चार्ल्स केलमन यांना ही कल्पना सुचली आणि १९६७ मध्ये 'फेको' पद्धत अस्तित्वात आली.

या लहरी मोतीबिंदू फोडतात, तशाच त्या पारपटलाला म्हणजे कॉर्नियाला इजाही करू शकतात. पारपटलाच्या आतील बाजूस पेशींचा एकेरी थर असतो. पारपटलात शिरणारे पाणी सतत बाहेर काढून त्याची पारदर्शकता टिकवणे, हे या थराचे काम. प्रौढ वयात प्रति चौरस मिलिमीटर साधारण २५०० पेशी असतात. त्या नष्ट झाल्या की पुन्हा निर्माण होत नाहीत. शेजारच्या पेशी पसरून जागा भरून काढतात. संख्या सुमारे ५०० च्या खाली गेली, तर पारपटल सुजून गढूळ होण्याचा धोका असतो. मग नेत्ररोपणाखेरीज सहसा उपाय उरत नाही.

पारंपरिक फेकोमध्ये सुईचे टोक सेकंदाला सुमारे ४० हजार वेळा मागेपुढे हलते. प्रत्येक धक्क्याने भिंगाचा तुकडा टोकापासून दूर ढकलला जातो, उष्णता निर्माण होते आणि भिरभिरणारे तुकडे पारपटलावर आदळू शकतात. लहरी सलग न सोडता खंडित स्वरूपात सोडल्यास ऊर्जा कमी लागते. २००६ च्या सुमारास आलेल्या 'टॉर्शनल' पद्धतीत टोक आडवे, अर्धवर्तुळाकार झुलते. ते तुकडा ढकलत नाही, कातरते. शिवाय दोन्ही दिशांना कापत असल्याने एकही फेरी वाया जात नाही. कठीण मोतीबिंदूत हा फरक विशेष जाणवतो.

तथापि, यंत्रापेक्षा मोतीबिंदूचा कठीणपणा आणि शल्यविशारदाचा हात यांना महत्त्व अधिक. 'पिकल्यावर काढू' हा आपल्याकडील जुना सल्ला येथेच महागात पडतो. पिकलेला, तपकिरी मोतीबिंदू फोडण्यास अधिक ऊर्जा लागते आणि अधिक पेशी दगावतात. अशा डोळ्यात ध्वनिलहरींविना, लहान छेदातून संपूर्ण गाभा काढणारी पद्धत कधी कधी अधिक सुरक्षित ठरते. पूर्वी डोळ्याला मार लागला असल्यास अथवा कुटुंबात पारपटलाचा विकार असल्यास शस्त्रक्रियेपूर्वी 'स्पेक्युलर मायक्रोस्कोपी' ही पेशी मोजण्याची वेदनारहित तपासणी करून घ्यावी.