पायपोस कुणाचा?

ईदची नमाज संपली की मशिदीच्या दारात जी झुंबड उडते, तिला मराठीत अगदी नेमका वाक्प्रचार आहे : कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नाही. पण पायपोस म्हणजे काय, असं विचारलं तर कित्येकजण दारातल्या पायपुसण्याकडे बोट दाखवतात!

पायपोस म्हणजे जोडा. मूळ फारसी शब्द ‘पापोश’. पा म्हणजे पाय, पोश म्हणजे झाकणारं. पलंगपोसातला पोस तोच. फारसी ‘पा’ आणि आपला ‘पाय’ तर एकाच जुन्या मुळातून आलेले.

हा शब्द पश्चिमेकडेही गेला. तुर्कीत पाबुच झाला. अरबीत ‘प’चा उच्चार नाही, म्हणून तिथे बाबूज. पुढे स्पॅनिशमध्ये बाबुचा, फ्रेंचमध्ये बाबूश. घरात धाकटं भावंड आलं आणि थोरल्याचे लाड कमी झाले, की तुर्क आजही म्हणतात, याचा पाबुच छपरावर फेकला गेला.

मोरोक्कोत फेस शहरातली पुरुषांची पिवळी बाबूश प्रसिद्ध आहे. तिचं तिथलं नाव बल्गा. आपल्या सपातांसारखीच, ना बंद, ना बक्कल. टाचेकडचं चामडं आत दुमडून दाबलेलं, म्हणजे पाय सरकवला की झालं. जिथे बसणं-उठणं गालिच्यावर आणि पाच वेळा वुजूसाठी पाय धुवायचे, तिथे जोडा बांधत कोण बसणार?

खरं तर नमाजेसाठी जोडे काढायलाच हवेत असं नाही. पैगंबर (स.) पादत्राणं घालून नमाज पढल्याच्या हदीस आहेत. पण तेव्हा मशिदीत अंथरलेले गालिचे नव्हते.

मागे एका कार्यक्रमानंतर एका सज्जनांनी मला विचारलं, “मराठी इतकं चांगलं कुठे शिकलात?” घरी, असं सांगितलं. त्यांना ते पटलं नसावं. मराठीत फारसी शब्द फार घुसले आहेत, ते काढायला हवेत, असं ते बराच वेळ सांगत राहिले. ही तक्रार जुनीच. शिवकाळात राज्यव्यवहारकोश तयार झाला, त्यात कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले होते. सावरकरांनी भाषाशुद्धीची मोहीम चालवली. महापौर, दिनांक हे त्यांचे शब्द आपण सगळेच वापरतो, मीही वापरतो. पायपोसाला पादत्राण हा पर्याय तर आधीपासूनच होता. पण कुणाचं पादत्राण कुणाच्या पायात नाही, असं म्हणताना मी अजून कुणाला ऐकलेलं नाही. त्या सज्जनांनाही नाही.