जाते, वाण आणि भिशी : मराठी स्वयंपाकघरातील बदलांचा एक सामाजिक इतिहास

महाराष्ट्रातील स्वयंपाकघराचा गेल्या शतकातील इतिहास बहुधा उपकरणांच्या क्रमाने सांगितला जातो : चूल गेली आणि स्टोव्ह आला, स्टोव्ह गेला आणि गॅस आला, पाटा माळ्यावर गेला आणि मिक्सर ओट्यावर आला. मात्र यांपैकी कोणतीही वस्तू घरात येण्यापूर्वी ती शेजारणीकडे किंवा नात्यातल्या कुणाकडे पाहिलेली असे, तिच्या किमतीची, टिकाऊपणाची आणि उपयोगाची खोदून चौकशी झालेली असे, आणि मगच घरात तिचा विषय निघत असे. ही चौकशी जेथे होई त्या जागा बहुतांशी श्रमाच्या निमित्ताने निर्माण झाल्या होत्या. श्रम जसजसे हलके झाले तसतशा त्या जागा मोडल्या, आणि स्त्रियांनी त्यांच्या ठिकाणी नव्या जागा घडवल्या. मराठी स्वयंपाकघराच्या इतिहासातील सर्वांत मोलाचा भाग हाच आहे.

या जागांपैकी सर्वांत जुनी जागा जात्याची. पहाटे उठून दोघीजणी जात्याच्या दोन बाजूंना समोरासमोर बसत, वरच्या तळीत बसवलेला लाकडी खुंटा दोघी मिळून धरत, एकीने मोकळ्या हाताने जात्याच्या तोंडात धान्याचा घास घालायचा आणि तळीच्या फेऱ्याबरोबर ओवी म्हणायची, अशी दळणाची रीत होती. ओवीत देवाधर्माइतकेच माहेर, भाऊ, सासुरवासातील जाच, लेकीचे लग्न आणि पंढरीची वाट हे विषय येत, त्यामुळे जे उघडपणे बोलणे शक्य नसे ते गाण्यातून सांगितले जाई. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हँ यांनी चालवलेल्या संकलनात अशा एक लाखाहून अधिक ओव्या नोंदल्या गेल्या, यावरून या बोलण्याचा विस्तार ध्यानात येतो. पिठाची गिरणी गावोगाव पोहोचली तेव्हा कंबर मोडणारे एक काम संपले, ही निःसंशय सुटका होती. पण पहाटेची ती बैठकही त्याबरोबरच संपली.

दुसरी जागा दारापुढची होती. तांब्या-पितळेच्या भांड्यांत आंबट पदार्थ ठेवला तर तो कळकतो, म्हणजे धातूशी संयोग होऊन त्याची चव बिघडते आणि तो अपायकारक ठरतो. म्हणून भांड्यांना आतून कथलाचा पातळ थर, म्हणजे कल्हई, वेळोवेळी द्यावी लागे. कल्हईवाला आळीच्या तोंडाशी जमिनीत लहानशी भट्टी करून भाता लावी, तापलेल्या पातेल्यात नवसागराची पूड टाकून पांढरा धूर उठताच कथील फिरवी आणि कापसाच्या बोळ्याने ते सर्वत्र सारखे पसरवी. आपापली भांडी घेऊन थांबलेल्या बायकांच्या घोळक्यात कुणाकडे किती भांडी, कुणाच्या मुलीला लग्नात काय दिले, याची वार्ता आपोआप कळे. स्वातंत्र्योत्तर काळात स्टेनलेस स्टीलची भांडी घरोघरी आली आणि कल्हईची गरज उरली नाही. कल्हईवाल्याची फेरी विरळ झाली. मात्र जुन्या कपड्यांच्या बदल्यात भांडी देणारी बोहारीण दुपारच्या वेळी दारात बसू लागली, आणि एका पातेल्यासाठी किती साड्या द्याव्यात, याच्या घासाघिशीत शेजारणींचा सल्ला हक्काने घेतला जाऊ लागला.

नव्या वस्तूंचा प्रसार समजून घेण्यासाठी संक्रांतीच्या हळदीकुंकवाकडे विशेष लक्ष द्यावे लागते. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत सुवासिनींना, म्हणजे पती हयात असलेल्या स्त्रियांना, घरी बोलावून तिळगूळ आणि वाण देण्याचा हा प्रघात आहे. वाण म्हणजे दान म्हणून द्यावयाची वस्तू. ती सर्वांना वाटण्याला 'लुटणे' असे म्हणतात. सुगडे, ऊस, बोरे, हरभरे अशा ऋतूतील जिनसांबरोबर पुढे स्टीलची वाटी, चहाची गाळणी, प्लास्टिकचा डबा अशा वस्तू लुटल्या जाऊ लागल्या, आणि बाजारात नव्याने आलेली एखादी लहानशी वस्तू एका आठवड्यात आळीतल्या बहुतेक घरांत पोहोचू लागली. निमंत्रित स्त्रिया स्वयंपाकघरातही डोकावत, त्यामुळे बैठ्या चुलीच्या जागी बांधलेला कडप्प्याचा उभा ओटा, त्यावरची गॅसची शेगडी किंवा नवा कुकर सर्वांच्या नजरेस पडे. मुंबईत बर्मा शेल कंपनीचा सिलिंडरमधील गॅस 1950च्या दशकात मिळू लागला आणि भारतीय वाटणा-घाटणाला टिकेल असा सुमीत मिक्सर 1960च्या दशकात मुंबईतच तयार झाला. परंतु गॅसचा भडका उडत नाही ना, कुकरच्या किती शिट्ट्यांत डाळ शिजते, मिक्सरमधल्या चटणीला पाट्याची चव येते का, या प्रश्नांची विश्वासार्ह उत्तरे जाहिरातीपेक्षा वापरणारीच्या तोंडून मिळत. छापील साहित्याने या बोलण्याला जोड दिली. 1930मध्ये सुरू झालेल्या 'स्त्री' मासिकासारख्या नियतकालिकांतून गृहव्यवस्थेची चर्चा होत राहिली, आणि 1970मध्ये प्रसिद्ध झालेल्या कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा'ने वाटी-चमच्याचे प्रमाण देऊन सासू-आईच्या हाताचा अंदाज सर्वांना उपलब्ध करून दिला.

हळदीकुंकवाची मोठी उणीव त्याच्या व्याख्येतच होती : विधवा स्त्रीला तेथे प्रवेश नव्हता, आणि आमंत्रणे बहुधा जातीच्या व ओळखीच्या मर्यादेतच फिरत. भिशी आणि महिला मंडळ या संस्थांचे महत्त्व या पार्श्वभूमीवर स्पष्ट होते. भिशीत ठरावीक स्त्रिया दरमहा सारखी रक्कम जमा करतात, चिठ्ठी टाकून जिचे नाव निघेल तिला ती सर्व रक्कम मिळते, आणि सर्वांची पाळी येईपर्यंत हे चक्र चालते. येथे कुंकवाची अट नव्हती, वेळेवर पैसे भरणे एवढीच अट होती. घरखर्चातून काटकसरीने बाजूला ठेवलेली लहान रक्कम अशा रीतीने एकदम हाती पडे आणि मिक्सर किंवा कपाट घेण्याइतकी होई. स्वतःची मिळकत नसलेल्या स्त्रीला खरेदीचा निर्णय घेण्याचे बळ यातून मिळाले.

वाचलेल्या वेळाचा एक भाग सहलीकडे वळला. घराबाहेर सहकुटुंब जेवण्याची परंपरा जुनीच आहे : कार्तिकात आवळ्याच्या झाडाखाली बसून करावयाचे आवळीभोजन, जत्रा आणि देवदर्शन ही तिची रूपे होत. 1907मध्ये सुरू झालेली नेरळ-माथेरान रेल्वे, 1 जून 1948 रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर धावलेली पहिली एसटी आणि पुण्याच्या पेशवे उद्यानात 1956पासून मुलांना फिरवणारी फुलराणी यांनी तीर्थयात्रेखेरीज निव्वळ आनंदासाठी बाहेर पडण्याची सवय दृढ केली. पाण्याऐवजी दुधात पीठ भिजवल्यामुळे अधिक टिकणाऱ्या दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या आणि बटाट्याची कोरडी भाजी ही प्रवासाची शिदोरी मात्र पहाटे उठून बाईच करत असे, हेही नोंदवले पाहिजे. म्हणूनच महिला मंडळांच्या सहली, जेथे कुटुंबाचे पान वाढण्याची जबाबदारी कुणावरच नसे, हे या इतिहासातील एक स्वतंत्र पाऊल ठरते.

नवा कुकर कसा आहे, भिशी कुणाला लागली, सुट्टीत कुठे जाऊन आलात, हे बोलणे किरकोळ समजून इतिहासलेखनाने दीर्घकाळ दुर्लक्षिले. वास्तविक याच बोलण्यातून स्त्रियांनी यंत्रांची पारख केली, पैशाचे नियोजन केले आणि स्वतःच्या विश्रांतीचा हक्क एकमेकींच्या साक्षीने मान्य करून घेतला. सरकारी अहवालांत आणि कंपन्यांच्या हिशेबांत विक्रीचे आकडे सापडतील. ती वस्तू घरात का आली आणि तिने कुणाचे किती कष्ट वाचवले, हे जाणून घ्यायचे तर ओव्यांप्रमाणे या गप्पांचेही, त्या बोलणाऱ्या पिढ्या हयात आहेत तोवर, काळजीपूर्वक संकलन व्हायला हवे.