विम्याचा हप्ता आणि रक्ताचा वारसा

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एखाद्या धडधाकट हिंदी गृहस्थाने विलायती कंपनीकडे आयुष्याचा विमा मागितला, तर बहुधा त्याला गोऱ्या माणसापेक्षा जास्त हप्ता पडे. त्याच्या नाडीत वा छातीत काही खोट सापडे म्हणून नव्हे. हिंदी माणसाचे आयुष्यच कमी प्रतीचे धरण्याची रीत होती. १८७० साली मुंबईत ‘बॉम्बे म्युच्युअल’ निघाली आणि तिने हिंदी माणसांचा विमा सर्वसाधारण दराने उतरवला. १८७४ मध्ये ‘ओरिएंटल’ निघाली. स्वदेशीच्या घोषणा पुढे पुष्कळ झाल्या. ही मंडळी दरपत्रकावर लढली, आणि मला तरी ती लढाई थोर वाटते.

कातडीवरची ती आकारणी गेली. रक्तावरची मात्र येऊ पाहत आहे. आईबाप, भावंडे कोणत्या वयात, कशाने गेली, हा विम्याच्या अर्जातला प्रश्न जुनाच. आता रक्ताच्या थेंबातून जनुकच वाचता येते.

कंपनीची बाजूही ऐकली पाहिजे. आपल्याला रोग होणार हे जाणणाराच तेवढा मोठा विमा उतरवू लागला, तर भार बाकीच्या विमेदारांवर पडतो, हे खोटे नाही. पण मुलुंड-घाटकोपरच्या लोहाणा, सिंधी कुटुंबांकडे पाहा. या समाजांत थॅलेसेमियाचे वाहक अधिक आढळतात. वाहक स्वतः निरोगी असतो. आईबाप दोघेही वाहक असले, तर मात्र दर खेपेस चारांत एक मूल गंभीर आजारी निपजण्याचा संभव. म्हणून लग्नाआधी रक्त तपासा, असे डॉक्टर सांगतात. बोरिवलीला महापालिकेचे केंद्रच या रोगासाठी आहे. तपासणीचा कागद उद्या विमावाल्याच्या टेबलावर जाईल अशी धास्ती बसली, तर तपासायला येणार कोण? आणि न तपासल्याची किंमत मूल देते, कंपनी नव्हे.

हृदयविकाराच्या एका रुग्णाचा आरोग्यविम्याचा दावा रोग आनुवंशिक म्हणून नाकारला गेला होता. २०१८ साली दिल्ली उच्च न्यायालयाने असा भेद घटनेच्या १४ व्या कलमाविरुद्ध ठरवला, आणि मार्चमध्ये विमा नियामक प्राधिकरणाने तसे दावे नाकारू नयेत असे बजावले. पण हे सारे आरोग्यविम्यापुरते. अमेरिकेच्या २००८ च्या कायद्यातूनही आयुर्विमा वगळलेलाच आहे. कॅनडाने मात्र २०१७ मध्ये, विमा कंपन्यांचा विरोध असताना, करारासाठी जनुकतपासणीची किंवा तिचा निकाल सांगण्याची सक्ती करणे गुन्हा ठरवले. २०२० मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा उचलून धरला. आपल्याकडे आयुर्विम्यासाठी असा स्वतंत्र कायदा अजून झालेला नाही.