मेंदूच्या आघातजन्य इजेनंतरचे शैक्षणिक साहाय्य

डोक्याला बाहेरून बसलेल्या आघातामुळे मेंदूला इजा झालेल्या विद्यार्थ्याला पुन्हा शाळेत वा महाविद्यालयात येऊन शिकता यावे, यासाठी अध्यापन, वेळापत्रक आणि परीक्षा यांत जे बदल केले जातात, त्यांना मेंदूच्या आघातजन्य इजेनंतरचे शैक्षणिक साहाय्य असे म्हणतात. रस्त्यावरील अपघात, उंचावरून पडणे, खेळातील टक्कर आणि मारहाण ही अशा इजेची प्रमुख कारणे होत.

इजेचे स्वरूप

इजेची तीव्रता ठरवण्यासाठी टीसडेल आणि जेनेट यांनी १९७४ मध्ये मांडलेली ग्लासगो कोमा मोजपट्टी वापरतात. १३ ते १५ गुण असल्यास इजा सौम्य, ९ ते १२ असल्यास मध्यम आणि ८ किंवा त्याहून कमी असल्यास तीव्र मानली जाते. उपचारांच्या दृष्टीने ही मोजपट्टी महत्त्वाची असली, तरी मूल काही महिन्यांनी वर्गात कसे शिकेल, हे केवळ त्या गुणांवरून सांगता येत नाही.

शिकण्यावर होणारे परिणाम

जखम भरली, केस पुन्हा वाढले आणि मूल पूर्वीसारखे चालू-बोलू लागले, की ते बरे झाले असा समज होतो. प्रत्यक्षात अवधान टिकवणे, माहिती वेगाने समजून घेणे, कामाचा क्रम ठरवणे आणि नवे लक्षात ठेवणे या क्षमता बाधित राहिलेल्या असू शकतात. इजेपूर्वी शिकलेले ज्ञान पुष्कळदा शाबूत असते. त्यामुळे जुने पाढे न अडखळता म्हणणारा विद्यार्थी काल शिकवलेला धडा मात्र आठवू शकत नाही. या विसंगतीमुळेच त्याच्यावर आळशी किंवा बेफिकीर असल्याचा शिक्का बसतो. लवकर थकणे, डोकेदुखी, गोंगाट व प्रखर प्रकाश सहन न होणे, चटकन राग येणे हेही परिणाम आढळतात. मित्र दुरावणे हा त्यांतील सर्वांत कमी दखल घेतला जाणारा परिणाम म्हणावा लागेल.

लहान वयात झालेल्या इजेचे काही परिणाम उशिरा प्रकट होतात. नियोजन व आत्मनियंत्रण यांच्याशी संबंधित असलेला मेंदूचा पुढील भाग पौगंडावस्थेनंतरही विकसित होत राहतो. पहिलीत असताना इजा झालेल्या मुलाची अडचण कधी आठवी-नववीत, अनेक विषयांचा अभ्यास स्वतः आखण्याची वेळ आल्यावर दिसू लागते. तोवर शाळा किंवा शिक्षक बदललेले असतात आणि जुन्या अपघाताशी तिचा संबंध कोणी जोडत नाही. म्हणून इजेची नोंद विद्यार्थ्याच्या शालेय कागदपत्रांत पुढील इयत्तांपर्यंत राहणे आवश्यक असते.

शाळेत परतणे

सौम्य इजेनंतर अंधाऱ्या खोलीत दीर्घकाळ पूर्ण विश्रांती घेण्याचा सल्ला पूर्वी दिला जाई. आता पहिले २४ ते ४८ तास सापेक्ष विश्रांती आणि त्यानंतर लक्षणे पाहत हळूहळू अभ्यास वाढवणे, ही पद्धत रूढ आहे. प्रारंभी अर्धा दिवस शाळा, मधूनमधून शांत जागी विसावा आणि गृहपाठात कपात अशा सवलती दिल्या जातात. पूर्णवेळ शाळा जमू लागल्याखेरीज स्पर्धात्मक खेळ सुरू करू नयेत, असे तज्ज्ञ सांगतात. मध्यम व तीव्र इजेच्या बाबतीत रुग्णालयातून घरी जाण्यापूर्वीच शाळेशी संपर्क साधणे हितावह ठरते.

अध्यापनाच्या पद्धती

एका वेळी एकच सूचना देणे, ती फळ्यावर लिहून ठेवणे, उत्तरासाठी थांबणे आणि अवघड विषय दिवसाच्या सुरुवातीच्या तासांना घेणे हे साधे उपाय उपयुक्त ठरतात. रोजची कामे लिहिलेली वही किंवा मोबाइलमधील गजर स्मृतीला आधार देतात. मात्र त्यांचा वापरही सरावाने शिकवावा लागतो.

तीव्र स्मृतिदोष असल्यास ‘चूकविरहित अध्ययन’ वापरले जाते. बॅडली व विल्सन यांनी १९९४ मध्ये स्मृतिभ्रंश झालेल्या प्रौढांवर केलेल्या अभ्यासामुळे या पद्धतीकडे लक्ष वेधले गेले. अशा व्यक्तीला स्वतः केलेली चूक चूक म्हणून आठवत नाही, पण तिचा ठसा राहतो आणि तीच चूक पुन्हा घडते. म्हणून ‘अंदाज करून बघ’ असे न म्हणता आधी बरोबर उत्तर दाखवतात आणि मदत टप्प्याटप्प्याने कमी करतात. अंदाजाला उत्तेजन देणाऱ्या नेहमीच्या अध्यापनाच्या हे अगदी उलट आहे.

पहिल्या काही महिन्यांत सुधारणा वेगाने होते. त्यामुळे वर्षारंभी केलेली योजना वर्षभर चालवणे योग्य नसते. काही आठवड्यांनी तिचा फेरविचार करावा लागतो.

कायदेशीर तरतुदी

अमेरिकेने १९९० मध्ये विशेष शिक्षणविषयक कायद्यात आघातजन्य मेंदू इजा हा स्वतंत्र प्रवर्ग समाविष्ट केला. जन्मजात किंवा प्रसूतीच्या वेळी झालेल्या इजा त्यातून वगळल्या आहेत.

भारताच्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये २१ दिव्यांगत्वे नमूद आहेत, परंतु या इजेचा स्वतंत्र उल्लेख नाही. परिणामी विद्यार्थ्याला वाचाघात, चलनविषयक दिव्यांगत्व, बौद्धिक दिव्यांगत्व अशा उरलेल्या परिणामाच्या आधारे प्रमाणपत्र मिळवावे लागते. ज्याची अडचण केवळ थकवा, मंदावलेली विचारगती किंवा विस्मरण एवढीच आहे, तो यांतील कोणत्याच चौकटीत सहज बसत नाही. अधिनियमाच्या कलम १७ मध्ये जादा वेळ, लेखनिक आणि दुसऱ्या व तिसऱ्या भाषेतून सूट अशा बदलांची तरतूद आहे. विकास कुमार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये, ४० टक्क्यांहून कमी दिव्यांगत्व असले तरी लेखनात अडचण असणाऱ्या उमेदवाराला लेखनिक नाकारता येणार नाही, असा निर्णय दिला. त्यानुसार केंद्र सरकारने २०२२ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. त्यांत परीक्षेच्या प्रत्येक तासामागे किमान २० मिनिटे जादा वेळ देण्याची तरतूद होती.